भिंगकाकांची खूण

भिंगकाकांना हे नाव दिलं छापखान्यातल्या पोरांनी, आणि ते असं काही चिकटलं की पोस्टमनसुद्धा खालून "भिंगकाका, पत्र!" अशीच हाक मारायचा. खरं नाव विचारलं असतं तर बिचाऱ्याला दोन मिनिटं डोकं खाजवावं लागलं असतं. एकतीस वर्षं काकांनी एकच काम केलं. त्या छापखान्यात पुस्तकंबिस्तकं छापत नसत, खोकी छापत. बिस्किटांची, सूपची, साबणाची, दातांच्या पावडरीची. खोक्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं आणि जे जगात कोणी म्हणून वाचत नाही, ते वाचायचं हे काकांचं काम.

आणि काय वाचायचे! शेजारी एक जण बसून मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट, आणि काका छापलेल्या नमुन्यावर भिंग सरकवत ऐकायचे. एकदा साबणाच्या खोक्यावर बिस्किटांचा मजकूर चढला होता, 'लहान मुलांना दुधात बुडवून द्यावे' म्हणून. सगळ्यांच्या नजरेतून सुटलं, काकांच्या नाही सुटलं. मजकूर बिनचूक निघाला की ते खालच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने एक तिरकी खूण करायचे आणि म्हणायचे, "पास." त्या खुणेशिवाय मशीन सुरू करायची मालकाचीसुद्धा टाप नव्हती.

ही खूण घरात आली ती मुलीमुळे. मुलीला ते चिमणी म्हणायचे, अजूनही म्हणतात. चिमणी चार वर्षांची असताना शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाऊन आली आणि अर्ध्या तासात तिचं तोंड सुजलं, डोळे मिटले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. काका तिला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत धावत गेले, पायात काही आहे की नाही याचंही भान नव्हतं. केकमध्ये काजूची पूड होती. डॉक्टर म्हणाले, हिला काजू म्हणजे विष, चिमूटभरसुद्धा नको आणि आयुष्यभर नको. काकू रडत बसल्या. काका दुसऱ्या दिवशी छापखान्यातलं एक जुनं भिंग मागून घरी घेऊन आले.

त्या दिवसापासून घरात नियम झाला, कोपऱ्यात खूण असेल तरच तोंडात. पीठ, बिस्किटं, खोकल्याच्या गोळ्या, सगळं आधी खिडकीजवळच्या टेबलावर यायचं. काकू थट्टा करायच्या, "का हो, मीठसुद्धा पास करून घ्यायचं का?" काका मान वर न करता म्हणायचे, "मीठसुद्धा." चिमणीला अक्षरं यायच्या आधी ती खूण ओळखता यायला लागली. शाळेत कोणी चॉकलेट पुढे केलं की ही बाई हात मागे घेऊन सांगायची, "माझ्या बाबांनी पास केलं नाहीये." वर्गातली मुलं हसायची. हसेनात का! पोरगी जिवंत होती, धडधाकट होती, आणखी काय पाहिजे होतं काकांना?

मग चिमणी मोठी झाली, एका इस्पितळात एक्स-रे काढायला लागली, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. पर्समध्ये कायम मांडीत टोचायचं इंजेक्शन. वाचता तिलाही येत होतं, डोळे कसे लख्ख होते. तरी दर रविवारी सकाळी ती कापडी पिशवीत आठवड्याची खोकी भरून बसने यायची, पिशवी टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या बाबा, काढा दुकान." ती चहा करायची, काका एकेक खोकं भिंगाखाली धरायचे. काकू गेल्यावर तर त्या घरात आठवडाभरात दुसरं कोणी येतच नव्हतं. सोमवारपासून शनिवारपर्यंत काका नुसते दिवस ढकलायचे, जगायचे ते रविवारी.

कधी कधी जावईही यायचे. माणूस लाखात एक, पण एकदा डोक्यात काही शिरलं की शिरलं. वर्षभरापासून त्यांनी सेंद्रिय खाण्याचा ध्यास घेतला होता. भाजी सेंद्रिय, पीठ सेंद्रिय, साखर तर घरातून हद्दपारच. खोक्यावर कुठे आकडे दिसले की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

"बाबा, हे चारशे-पाचशे नंबरवालं सगळं पोटात जायचं म्हणजे काय हो! रसायनंच ती."

"अहो जावईबापू," काका म्हणायचे, "त्या आकड्यांना मी तीस वर्षं ओळखतो. एक आंबटपणा टिकवतो, एक गुठळ्या होऊ देत नाही. तुमच्या बायकोच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. तिचा वैरी झाडाला लागतो, आणि तोही अगदी सेंद्रिय."

चिमणी स्वयंपाकघरातून हसायची. ते हसू ऐकलं की काकांना जग जिंकल्यासारखं वाटायचं.

पण काकांनी एक गोष्ट लपवली होती, आणि ती काही लहानसहान नव्हती. त्यांचे डोळे गेले होते. म्हणजे आंधळे नव्हते झाले. चालता यायचं, दार दिसायचं, कप दिसायचा. पण जिकडे बघावं तिथेच, नेमका मधोमध, एक करडा डाग बसलेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पडद्याचा मधला भाग झिजलाय काका. कडेचं दिसत राहील. वाचनाचं मात्र आता विसरा." चष्मा नाही, ऑपरेशन नाही, काही नाही. काकांनी तो कागद चार घड्या घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात, अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या खाली सरकवला. वाचनाचं विसरा! एकतीस वर्षं ज्याने दुसरं काही केलं नाही त्याने काय करायचं मग, भिंतीकडे बघत बसायचं?

आणि ते निभावूनही नेत होते, हे मान्य केलं पाहिजे. चिमणीची बहुतेक खोकी नेहमीचीच असायची. रंगावरून, आकारावरून, हलवल्यावर होणाऱ्या आवाजावरून काका ती ओळखायचे, आणि मजकूर तर त्यांचा पाठच होता. त्यातली निम्मी खोकी त्यांच्याच छापखान्यात छापलेली. काही नवीन आलं तर म्हणायचे, "हे ठेवून जा, उद्या फोन करतो." मग दिवसभर दिव्याखाली मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने एकेक अक्षर पकडायचे. एका ओळीला अर्धा तास लागायचा, डोकं ठणकायचं, पण वाचायचे. खूण मात्र हल्ली पेन चांगलं दाबून करायचे. कागदावर खळी पडायची, मग अंगठा फिरवला की कळायचं, हे झालं, हे राहिलं.

असं दोन वर्षं चाललं. मग ते सूप आलं.

टोमॅटो सूपचं खोकं. कंपनी तीच, खोकं तेवढंच, पाकिटंही आत तितकीच. फक्त तांबड्याच्या जागी फिकट हिरवा रंग. जावयांनीच आणलं होतं, नवं निघालेलं सेंद्रिय. चिमणी म्हणाली, "बाबा, हे जरा नीट बघा हं." तिला शिंका येत होत्या, बस गाठायची होती, ती दारात उभी राहून बूट चढवत होती. काकांनी भिंग लावलं. हिरव्यावर पांढरी अक्षरं. कोणा शहाण्याने असं छापलं देव जाणे. करडा डाग आणि त्याभोवती नुसतं धुकं. 'ठेवून जा' हे शब्द ओठांवर आले होते. पण त्या महिन्यात ते दोनदा 'ठेवून जा' म्हणाले होते, आणि दुसऱ्या वेळी चिमणीने विचारलं होतं, "बाबा, डोळे दाखवूया का एकदा?" तिसऱ्यांदा म्हणालो तर ही मला धरून नेईल डॉक्टरकडे, काकांच्या मनात आलं, आणि मग संपलंच सगळं. त्या सूपचा मजकूर त्यांनी स्वतः पास केलेला होता, झोपेतही म्हणून दाखवला असता. टोमॅटो, मक्याचं पीठ, साखर, मीठ, कांद्याची पूड, मिरी आणि दोन आकडे. सेंद्रिय म्हणजे काय, ते दोन आकडे काढले असतील, झालं. दुसरं काय असणार आहे?

त्यांनी कोपऱ्यात खूण केली, दाबून. "पास," ते म्हणाले.

आकडे काढले होते, खरंच. पण ते काढल्यावर सूप दाट होईना, म्हणून कंपनीने त्यात काजूची पूड घातली होती.

बुधवारी संध्याकाळी जावयांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. काका टॅक्सीने इस्पितळात पोचले तेव्हा चिमणीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि मास्कच्या वरचा सुजलेला चेहरा थेट त्या चार वर्षांच्या पोरीचा होता. एक इंजेक्शन घरी टोचलं होतं, दुसरं रुग्णवाहिकेत. डॉक्टर म्हणाल्या, दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. बाकावर जावई लहान मुलासारखे रडत होते. "माझंच चुकलं बाबा. मीच सारखं सेंद्रिय सेंद्रिय करत बसलो. माझ्या हाताने आणलं मी ते." काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सांगायला हवं होतं तेव्हाच. अहो, तुम्ही नुसतं आणलंत, पास मी केलं, न वाचता केलं, एवढंच सांगायचं होतं. पण नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मास्क निघाला. काकांनी पलंगाची कड घट्ट धरली, आता सांगायचंच असं ठरवून तोंड उघडलं, आणि चिमणीच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ती छपाईच फिकट होती बाबा. कोणालाही दिसली नसती."

काकांनी मान हलवली. हो, फिकटच होती, ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही, आरशासमोर उभंच राहवेना.

आता ती कशाला येते, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण तिसऱ्या रविवारी दाराची बेल वाजली आणि चिमणी दारात उभी, हातात तीच पिशवी. "घ्या बाबा, काढा दुकान." काकांचा जीव भांड्यात पडला. खोकी सात होती आणि सगळी ओळखीची: ओट्स, बिस्किटं, कॉफी, पिठाची दोन, शेवया, बेकिंग पावडर. "नवीन काही आणत नाही आता," ती म्हणाली. काकांनी तरी एकेक ओळ डोळ्याच्या कडेने पकडून वाचायचा प्रयत्न केला. दोन तास लागले. ती शेजारी बसून राहिली, मध्येच त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवून टाकलं. सातही खोक्यांवर खुणा झाल्या. जाताना ती म्हणाली, "येते हं पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी आली. पिशवी ठेवली, चहा टाकायला आत गेली. काकांनी ओट्सचं खोकं काढलं, हलवलं, गच्च भरलेलं. पेन उघडलं आणि सवयीने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

अंगठ्याला खळी लागली.

तिरकी, खोल, त्यांच्याच हाताची. काकांना वाटलं, आपलाच काहीतरी घोटाळा होतोय. त्यांनी बिस्किटांचं खोकं घेतलं. खळी. कॉफी, खळी. सातही खोकी त्यांनी चाचपली. एकही फोडलेलं नव्हतं. मागच्या रविवारची तीच सात खोकी, जशीच्या तशी, पुन्हा त्यांच्यापुढे मांडली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळी खूण असणार, कोणालाही पहिल्या नजरेत दिसेल अशी, आणि ती आपल्याला दिसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"चिमणे," त्यांनी हाक मारली. "हे मी मागच्या रविवारी पास केलंय गं."

आतला कपांचा आवाज थांबला. ती बाहेर आली.

"हो," ती म्हणाली.

"सगळीच?"

"सगळीच, बाबा."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"दोन वर्षं होतील." ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. "तुम्ही एकदा ओट्सचं खोकं उलटं धरून वाचत होता. शेवटपर्यंत वाचलंत, आणि वर म्हणालात, पास."

काकांना हसू आलं, आणि त्या हसण्याचं मध्येच रडू झालं. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं? अगं, मग ते सूप कशाला प्यायलीस तू? माहीत होतं ना, म्हाताऱ्याला काही वाचता येत नाही ते? मग का प्यायलीस?"

"ओरडू नका ना."

"ओरडणार! मेली असतीस तू!"

चिमणीने त्यांचा पेन धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तशी वाचते मी बाबा. रविवारी घरी गेले की पिशवीतलं एकेक काढून सगळं परत वाचायची, दोन वर्षं. कधी चुकवलं नाही. त्या आठवड्यात सर्दीने डोकं भणभणत होतं, ताप होता, म्हटलं वाचू नंतर. बुधवारी काहीतरी गरम हवं होतं. खोकं हातात घेतलं, कोपऱ्यात खूण दिसली. वाटलं, बाबांनी बघितलंय. बस, एवढंच वाटलं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. लहान असल्यासारखं."

काकांनी मान वर केली. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, ते त्यांच्या कडेच्या नजरेला दिसत होतं; तिचा चेहरा दिसत नव्हता, तिथे डाग होता.

"म्हणून आता खूण असलेलं काही घरात ठेवत नाही मी," चिमणी म्हणाली. "दिसली की वाचायचं राहून जातं माझं. ही सात खोकी दाराबाहेर, चपलांच्या कपाटावर असतात. रविवारी उचलते आणि येते."

"कशाला येतेस पण?"

"असं काय विचारता?" आता तिचा आवाज फाटला. "पिशवी न घेता आले असते तर तुम्ही विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं. तुमच्या हातातून भिंग मी नाही काढून घेऊ शकत, बाबा. मला नाही जमत ते."

"मला सांगायला हवं होतं गं. इस्पितळात तरी. जावयाला रडताना बघत बसलो मी. भित्रा आहे तुझा बाप."

"मीपण नाहीच ना सांगितलं."

चहा आत उतू गेला. कोणी उठलं नाही. बऱ्याच वेळाने काकांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि विचारलं, "पर्समध्ये काही आहे का? खायचं? मी न बघितलेलं?"

चिमणीने पर्स उघडली. बिस्किटांचं लहानसं खोकं होतं, बसस्टॉपवर घेतलेलं.

"वाच," काका म्हणाले. "मोठ्याने. छापखान्यात वाचायचे तसं. स्वल्पविरामासकट."

ती वाचू लागली. गव्हाचं पीठ, स्वल्पविराम, साखर, स्वल्पविराम. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं बोट टेबलावरून हळूहळू पुढे सरकत होतं, जणू खाली कागद आहे. एका ठिकाणी ती अडखळली तर ते म्हणाले, "पुन्हा." तिने ती ओळ पुन्हा वाचली. शेवटी पूर्णविराम आला.

"काजू?"

"नाही. कुठेच नाही."

काकांनी पेन तिच्यापुढे धरलं. ती घेईना. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि पेन तिच्या बोटांत ठेवलं.

"मी?"

"मग कोण?"

"कुठे करू?"

"खाली. उजवीकडे. तिरकी."

पेनचा बारीकसा आवाज झाला. चिमणीने खोकं त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, "बघा ना, आली का नीट?"

काकांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला, सावकाश. तिने पेन अजिबात दाबलं नव्हतं. अंगठ्याला काहीही लागलं नाही.

"आली," काका म्हणाले.